अर्धा ब्रास वाळू आणि काँक्रीटचं खवले मांजर : माझा अनुभव

बागेत ठेवायची काँक्रीटची शिल्पं कशी करता असं विचारणारे मेसेज हल्ली बरेच येतात आणि सगळ्यांना साचा, सिलिकॉन, रंग एवढंच हवं असतं. वाळू कुठनं आणता हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. म्हणून मी वाळूबद्दलच लिहिणार आहे, कारण आमच्या मालवण-देवगड पट्ट्यात माझं सगळं काम त्या वाळूपायी अडकून पडलं होतं आणि अजून आठवलं की डोकं फिरतं.

ऑर्डर एका होमस्टेची होती. अंग गुंडाळून बसलेलं खवले मांजर, वाळूतून वर सरकणारी कासवं आणि पोफळीच्या बुंध्याशी ठेवायला एक धनेश. आधी त्यांना कातळशिल्पातला, म्हणजे उघड्या खडकावर जुन्या काळी कोरलेल्या चित्रांतला, कशेळी गावचा हत्ती हवा होता, 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्यापासून ज्याला त्याला अंगणात कातळशिल्प हवंय. म्हटलं तो हत्ती सड्यावरच, गावावरच्या मोकळ्या कातळ पठारावरच शोभतो, माणसापेक्षा कितीतरी मोठा आहे तो, त्याचं स्टूल करून तुळशीपाशी ठेवू नका. पटलं त्यांना, नशीब.

मॉडेल आणि साच्याचं फार सांगण्यासारखं नाही. घरात गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती करायचा कारखाना, असल्यामुळे शाडूची सवय हाताला आहेच, मॉडेल शाडूत केलं, वर ब्रशने सिलिकॉनचे थर आणि बाहेरून प्लास्टरचं दोन तुकड्यांचं कवच. सगळं ठरल्यासारखं झालं. फक्त खवले करताना प्रत्येक खवल्याची खालची कड फार आत खणू नका, सिलिकॉन वाकून निघतं पण काँक्रीटची ती पातळ कड तिथेच तुटून साच्यात राहते.

तर वाळू. इथे खाडीची वाळू सगळीकडे दिसते, हातपाटीवाले, म्हणजे होडीतून हाताने उपसणारे, काढतात, बांधकामावर ढीग पडलेले असतात. पण ती खारी. साध्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, बांधकामात लोक ती खपवतात, शिल्पात नाही चालत. मीठ दोन प्रकारे छळतं, एक म्हणजे आतली तार किंवा जाळी गंजते, गंजलं की लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतं, आणि दुसरं म्हणजे ऊन लागलं की वर पांढरा क्षार फुटतो. आमच्या वाडीत एका बंगल्याच्या गच्चीला काँक्रीटच्या नळ्यांचा कठडा आहे, प्रत्येक नळीला उभी चीर आणि चिरेतून तांबडं ओघळलेलं. रोज येताजाता बघते. त्यामुळे मला गोडी वाळू हवी होती, नदीची, आणि ती पण पावतीसकट, कारण होमस्टेवाल्यांना सगळ्याची बिलं हवी होती.

आता किती हवी होती ते ऐका. सगळी शिल्पं आतून पोकळ, भिंत सव्वा इंचाची, सगळं मिळून वीस-पंचवीस घमेली वाळू. ब्रास म्हणजे 100 घनफूट. मला त्याचा दहावा हिस्सासुद्धा नको होता! आणि अर्ध्या ब्रासच्या खाली कोणी बोलायलाच तयार नाही. बरं म्हटलं, अर्धा घेऊ, उरलेली पडेल मागल्या पडवीत. 2023 मध्ये सरकारने डेपोवरून 600 रुपये ब्रासने वाळू द्यायचं धोरण आणलं तेव्हा पेपरात वाचलेलं होतं, त्यामुळे वाटलं रीतसर मागितली की मिळेल.

रीतसर! एका ऑफिसात गेले, कुठलं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. खिडकीतले साहेब फॉर्म बघून म्हणाले, "मॅडम, घर कोणाच्या नावावर?" म्हटलं घर बांधायचं नाहीये, शिल्पं करायची आहेत. "म्हणजे बांधकाम नाही?" नाही. "मग वाळू कशाला?" मी मोबाईलवर फोटो दाखवला, शाडूतलं खवले मांजर. ते त्यांनी शेजारच्या टेबलाला दाखवलं, त्या टेबलाने पलीकडच्याला, सगळ्यांनी कौतुक केलं, एकाने तर त्यांच्या गावात जिवंत बघितल्याचं सांगितलं, चहा पण आला. फॉर्म मात्र तिथेच. कारण फॉर्मवर कामाच्या प्रकारात घर होतं, दुरुस्ती होती, विहीर होती, सरकारी काम होतं, शिल्प नव्हतं, आणि 'इतर' असा रकाना पण नव्हता. रकाना नाही म्हणजे ते काम जगातच नाही.

मग साहेबांनीच तोडगा सांगितला, घरदुरुस्ती लिहा. खोटं लिहायला माझा जीव होत नव्हता, पण पडवीची लादी खरंच उखडलेली होती तेव्हा तेही खरंच, म्हणून लिहिलं. तर दुरुस्तीला ग्रामपंचायतीचा दाखला लागतो. आमच्या ग्रामसेवकांकडे दोन गावं, जाल तेव्हा ते दुसऱ्या गावात. दाखला मिळाला तर त्यावर सासऱ्यांचं नाव कारण घर त्यांच्या नावावर, म्हणजे अर्जदार ते. "मिस्टरांना पाठवा ना," असं पण ऐकून झालं. मिस्टर बोटीवर आहेत, सहा महिने येत नाहीत, आणि शिल्पं मी करते, ते नाही. सासरे बिचारे काठी टेकत आले. त्यांना विचारलं, "आजोबा, तुमका रेती कित्याक व्हयी?" तर म्हणाले, "माका नको, सुनेक व्हयी, ती मांजर करता." झालं, परत पहिल्यापासून.

त्यानंतर ऑनलाइन. घरात रेंज नाही, ओटीपीसाठी सड्यावर जाऊन उभं राहायचं, वर जाईपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. शेवटी लॅपटॉपच वर नेला, आंब्याच्या सावलीत बसून तो अर्ज पूर्ण केला, आणि पुढे 'स्टॉक उपलब्ध नाही'. रोज बघायचं, रोज तेच. फोन केला तर, "येईल, लिलाव अडकलाय." मग मृगाचा पाऊस आला, पावसाळ्यात नदीतून उपसाच बंद असतो, म्हणजे विषय थेट दसऱ्यापर्यंत गेला. आणि हे सगळं चालू असताना रात्री दोन वाजता आमच्या रस्त्याने भरलेले डंपर धडधडत जायचे, ताडपत्रीखालून पाणी गळत. एकाने निरोप पण पाठवला, गोणीने देतो, रात्री टाकतो, पावती विचारू नका. चाखून बघितली, खारी. हो, चाखूनच, आमचा गवंडी तसंच करतो. चिमूटभर जिभेवर ठेवायची, मिठाची चव कळतेच. अगदी खात्री हवी असेल तर वाळू धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे, दुधासारखं पांढरं झालं की मीठ आहे, कॉलेजच्या लॅबमधल्या ओळखीच्या कोणाकडून होतं ते.

पाण्याचं पण हेच, राहून जाईल म्हणून आत्ताच सांगते. खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. काँक्रीटला पिण्याचंच पाणी घ्या, भांडी घासायचं नको.

क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, का नाही घेतली असं सगळे विचारतात. घ्या ना, चांगली असते, सरकार पण आता तीच वापरा म्हणतं. पण क्रशरवर जाऊन 'क्रश सँड' आणि 'चुरी' (खडी फोडताना उरणारा भुगा) यातला फरक विचारा आधी, मला दोन ठिकाणी क्रश सँड म्हणून चुरीच दाखवली, मुठीत धरली तर हाताला पीठ लागत होतं. पीठ जास्त असलं की पाणी जास्त मागते आणि वाळताना बारीक चिरा. शिवाय काळ्या दगडाची, त्यामुळे रंग काळपट, कासवाला चालला असता पण खवले मांजराला मला मातकट तपकिरी हवा होता.

सुटका कुठून झाली तर स्विमिंग पूलमुळे. ओळखीच्या एका रिसॉर्टवर पूलची वाळू बदलत होते, म्हणजे फिल्टरमधली, आणि ती मी हातात घेतली आणि बघतच राहिले. स्वच्छ, धुतलेली, गोल दाण्याची, पांढरट पिवळी, मिठाचा पत्ता नाही. सिलिका सँड. आणि ही येते कुठून? आमच्याच जिल्ह्यातून, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे-पियाळीच्या बाजूच्या खाणीतून! काचेला आणि फाउंड्रीला इथली सिलिका पूर्वीपासून जाते, मला पण ऐकून माहीत होतं, पण ती गोणीत भरून फिल्टर-पंपाच्या दुकानात मिळते हे त्या ऑफिसातल्या एकाला पण सुचलं नाही. दुकानात गेले, जाड-मध्यम-बारीक अशा गोण्या रचलेल्या, पैसे दिले, जीएसटीचं बिल मिळालं, घर कोणाच्या नावावर आहे कोणी विचारलं नाही. किलोमागे महाग पडते, पण माझ्या सासऱ्यांना परत काठी टेकत कुठे जावं लागलं नाही. रिक्षा टेम्पोत गोण्या टाकून घरी येताना मी त्या ऑफिसवरूनच आले, रस्ता तोच आहे म्हणून, हॉर्न वाजवायला सांगणार होते, राहू दिलं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, फिल्टरची वाळू एकाच मापाच्या दाण्याची असते. तशीच वापरली तर दाण्यांमध्ये पोकळी राहते, ती भरायला सिमेंट जास्त जातं आणि मग आकसून चिरा. मी दोन भाग जाड आणि एक भाग बारीक अशी मिसळली, त्यात थोडी मध्यम. एक भाग सिमेंटला अशी अडीच भाग वाळू, आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याच्या आत, मिश्रण हातात लाडवासारखं वळलं पाहिजे, ओघळता नये. पाणी वाढवायचा मोह सगळ्यांना होतो, त्याऐवजी प्लास्टिसायझरचं, म्हणजे कमी पाण्यात मिश्रण मऊ करणाऱ्या द्रवाचं, एक झाकण टाका. आणि सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, तेव्हा कोरडं मिसळताना चांगला मास्क लावा, ओढणी नव्हे. वाळू आधी थोडी ओली केली की धूळ उडतच नाही.

आत लोखंड घालायचं टाळलंच. समुद्र एवढा जवळ, हवाच खारी. पातळ भिंतीत तारेवर जेमतेम अर्धा इंच काँक्रीट राहतं. त्याऐवजी मिश्रणात फायबर, म्हणजे बारीक तंतू, टाकलं, काचेचं असेल तर अल्कलीत टिकणारं मागा, साधं काचेचं सिमेंट खाऊन टाकतं. धनेशाच्या चोचीत आणि पायात तेवढी स्टेनलेसची सळी, 316 नंबरची.

रंगासाठी आयर्न ऑक्साइड, सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत, कोरड्या सिमेंटातच मिसळायचं. काही जण कोकणी टच म्हणून लाल माती टाकतात, अजिबात टाकू नका, माती आली की ताकद गेली. सिमेंट पांढरं आणि साधं निम्मं निम्मं घेतलं. गोणीवर बनवल्याचा आठवडा छापलेला असतो तो बघा, तीन महिन्यांपुढची घेऊ नका, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तर उघडलेली गोणी आठवडाभरात गाठी धरते.

भरताना पातळ थर हाताने खवल्यांत दाबून बसवायचा, मग कवचाला बाहेरून रबरी हातोडीने ठोकत राहायचं, बुडबुडे वर येतात. पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर दुसऱ्या दिवशी साचा उघडायची घाई नको, ते सावकाश घट्ट होतं. आणि नंतर ओलं ठेवणं, ओपीसीला, म्हणजे बिनमिसळीच्या साध्या सिमेंटला, निदान 7 दिवस, पीपीसीला 10, गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक. पावसाळ्यात हे काम देवच करतो असं वाटतं पण थेट पागोळीखाली ठेवू नका, ताज्या खवल्यांवर थेंबांचे खड्डे पडतात.

खवले मांजर निघालं तेव्हा पाठीवरचा एकन् एक खवला शाबूत होता, शेपटीच्या टोकाचा तर नखाने धार बघावी असा. तोंडाने सांगू नये पण सांगते, झकास झालंय. होमस्टेवाल्यांच्या माळ्याने बघितल्या बघितल्या विचारलं की ऑइलपेंट कधी मारणार. त्याला म्हटलं मारलास तर बघ. सिलेनचं वॉटर रिपेलंट मारलंय, दिसत नाही, पाणी आत मुरत नाही. शेवाळ मात्र येणारच आणि येऊ दे.

ठेवताना चिऱ्याच्या चौथऱ्यावर ठेवा, जमिनीवर ठेवलं की पावसात लाल माती उडून खालचा वीतभर भाग कायमचा तांबडा होतो. पोकळ शिल्पाला खाली भोक हवंच, नाहीतर आत पाणी साचून डास. आणि टेम्पोवाल्याला वजन आधीच सांगा, "छोटंसं मांजर आहे" म्हणू नका, आमचा एकटा आला आणि मग बाजूच्या घरातली माणसं गोळा करावी लागली.

आता मी कोटेशनमध्ये वाळूची ओळ वेगळी टाकते, दर लावून. एवढी महाग का म्हणून कोणी विचारलं की वरचं सगळं पहिल्यापासून ऐकवते, सासऱ्यांपर्यंत पोचायच्या आत ॲडव्हान्स येतो.