देवनागरी पासफ्रेज बूटच्या पडद्यावर का अडतो

लिनक्स बसवताना डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करायचा पर्याय निवडला की पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, विचारला जातो. त्या वेळी पूर्ण डेस्कटॉप चालू असतो आणि वर कोपऱ्यात मराठी कीबोर्ड निवडलेला असू शकतो. तिथे देवनागरीत पासफ्रेज दिला, तर तो स्वीकारलाही जाऊ शकतो. मशीन पुन्हा सुरू (बूट) झालं की तोच पासफ्रेज विचारणारा पडदा मात्र फार अपुऱ्या साधनांवर चालतो. डिस्क अजून उघडलेली नसते, त्यामुळे डेस्कटॉप नसतो आणि आयबससारखी टंकन-पद्धतही नसते. बहुधा अमेरिकी इंग्रजी मांडणीच हाताशी असते. लिनक्सच्या मजकुरी कन्सोलवर फॉन्टला जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांची मर्यादा आहे आणि जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही. पासफ्रेज बरोबर आठवत असतो, पण तो टाइप करता येत नाही.

मी याला सुरक्षेतला दोष म्हणतो. ‘वापरण्यातली गैरसोय’ म्हणून तो बाजूला टाकता येणार नाही. एकदा असं अडकलेला माणूस पुढच्या वेळी एन्क्रिप्शनची खूणच करत नाही, आणि लॅपटॉप चोरीला गेला की सगळं उघडं पडतं. लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या क्रिप्टसेटअप या साधनाच्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट सल्ला आहे: आस्कीमधली, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंक-खुणांच्या संचातली, छापता येणारी ९५ चिन्हंच वापरा. सल्ला योग्य आहे, पण तो इन्स्टॉलर वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. ‘कागदपत्रांत लिहिलंय’ हे उत्तर मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात फार सहज दिलं जातं, आणि मला ते मान्य नाही. फेडोरा या लिनक्सचा इन्स्टॉलर पासफ्रेजच्या खिडकीतच बजावतो की बूटच्या वेळी कीबोर्ड-मांडणी बदलता येणार नाही. व्हेराक्रिप्ट हे डिस्क-एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर तर सिस्टिम डिस्कचा पासवर्ड ठरवतानाच मांडणी अमेरिकी करून टाकतं. हेच योग्य: जिथे पासवर्ड विचारला जाणार, तिथला कीबोर्ड पासवर्ड ठरवतानाही समोर हवा.

समजा, देवनागरी टाइप करता आली. तरी पुढचा अडथळा आहे, आणि तो खास मराठीचा आहे. संगणक पासवर्डची अक्षरं पाहत नाही, त्यांच्यामागचे आकडे, म्हणजे बाइट पाहतो. ‘तऱ्हा’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ (युनिकोड या अक्षरसंकेतात क्रमांक ०९३१) आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र (०९३०), हलन्त (०९४डी) आणि अदृश्य जोडचिन्ह (२००डी). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरण (समतुल्य रूपं एकसारखी करून घेणं) इथे कामाला येत नाही, कारण त्याच्या लेखी हे दोन समतुल्य नाहीत. ‘ॲ’चंही तसंच. ते एक अक्षर म्हणून (०९७२) युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आलं. त्याआधीपासून अ वर चंद्र देऊन (०९०५ आणि ०९४५) लिहायची सवय आहे, आणि तीही चालूच आहे. फोनवरच्या कीबोर्डाने एक रूप दिलं आणि लॅपटॉपने दुसरं, तर पासवर्ड चुकतो आणि ठिपक्यांमागे का चुकला ते दिसत नाही. ‘पासवर्ड दाखवा’चा डोळा दाबूनही दिसत नाही, कारण रूप एकच आहे.

तिसरी गोष्ट लांबीची. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘चंद्रकोर’ म्हणजे ८ चिन्हं, २४ बाइट. बीक्रिप्ट ही पासवर्ड साठवण्याची पद्धत फक्त पहिले ७२ बाइट पाहते आणि पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रॅमिंग भाषेत पुढचे बाइट मुकाट्याने गळतात. ‘चंद्रकोर कोल्हापूर मांजरपाट ढोलकी’ हा पासफ्रेज घ्या. पहिले दोन शब्द आणि दोन मोकळ्या जागा मिळून ५३ बाइट होतात. ‘मांजरपाट’चे २४ मिळवले की ७७. म्हणजे तिसऱ्या शब्दाचं शेपूट कापलं गेलं आणि ‘ढोलकी’ तपासलीच गेली नाही. वर्डप्रेसने २०२५ मध्ये ६.८ आवृत्तीत बीक्रिप्टकडे जाताना आधी एसएचए-३८४ (कितीही लांब मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढणारी पद्धत) लावून ही मर्यादा टाळली. सर्व्हरवर स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हेच करावं किंवा बीक्रिप्टऐवजी आर्गॉन२ ही पद्धत वापरावी.

मग मराठी माणसाने काय करावं? मराठी शब्द ठेवा, लिपी रोमन करा. शब्द मनाने निवडू नका. १२९६ शब्दांची स्वतःची यादी करा आणि चार फासे टाकून एकेक शब्द उचला. ताकद बिटमध्ये मोजतात, एक बिट वाढला की करावे लागणारे अंदाज दुप्पट. एका शब्दाचे सुमारे १०.३ बिट, सात शब्दांचे ७२. डिस्कसाठी ते पुरेसे आहेत, कारण लक्स-२ या लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीतलं आर्गॉन२ प्रत्येक अंदाज मुद्दाम महाग करतं. यादी करतानाच स्पेलिंगचा नियम ठरवा: दीर्घ स्वरालाही एकच अक्षर, ‘व’साठी नेहमी व्ही, डब्ल्यू कधीच नाही, च-छ आणि न-ण यांचा गोंधळ होईल असे शब्द यादीत नकोतच. नाहीतर सहा महिन्यांनी ‘वादळ’ कसं लिहिलं होतं, हेच आठवणार नाही.

इन्स्क्रिप्ट ही मराठी कीबोर्ड-मांडणी बोटांत बसली असेल, तर आणखी सोपं: इंग्रजी मांडणी ठेवून इन्स्क्रिप्टच्याच कळा दाबा. ‘पाऊस’साठी एच, ई, शिफ्टसह टी, एम. बोटं मराठी लिहितात, डिस्कला आस्की मिळतं. यामुळे ताकद वाढत नाही. ती फाशांतूनच येते. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, तेव्हा तिकडे राहणाऱ्यांचा ‘ब’ अडेल.

आधीच देवनागरी पासफ्रेज देऊन अडकला असाल, तर डिस्क पुसू नका. लाइव्ह यूएसबीवरून (थेट लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) डेस्कटॉप सुरू करा आणि बसवताना होती तीच मराठी मांडणी जोडा. इन्स्क्रिप्टऐवजी उच्चारावर चालणारी कागपा मांडणी घेतली, तर ‘ऱ’ वेगळा उमटू शकतो. जुन्या पासफ्रेजने डिस्क उघडते का पाहा. उघडली, की आधी हेडरची (डिस्कच्या सुरुवातीच्या, किल्ल्या ठेवणाऱ्या भागाची) प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. लक्स-२ मध्ये ती साधारण १६ एमबी असते. मग क्रिप्टसेटअपच्या ‘लक्स ॲड की’ने आस्की पासफ्रेज नव्या खाचेत घाला. लक्स-२ मध्ये अशा ३२ खाचा असतात, त्यामुळे जुना आधी काढायची गरज नाही. मशीन सुरू करून नवा चालतो का पाहा आणि त्यानंतरच जुनी खाच मिटवा. हा क्रम उलटा केला आणि नव्यात एक कळ चुकलेली निघाली, तर हेडरची प्रत नसल्यास डेटा गेला. हेडरची ती जुनी प्रतही मग टाकून द्या, कारण तिच्यात जुना पासफ्रेज जिवंत असतो.

आणि हे सापडलं, तर बग नोंदवा. ‘मराठी पासवर्ड चालत नाही’ एवढंच लिहिलं, तर विकसक काहीच करू शकत नाही. लिनक्सच्या वितरणाचं (फेडोरा वगैरे) नाव आणि आवृत्ती, मांडणीचं नेमकं नाव, पासफ्रेज कुठे ठरवला आणि कुठे नाकारला गेला हे लिहा. खरा पासफ्रेज देऊ नका. चाचणीसाठी ‘तऱ्हा’ ठेवा आणि त्याचे युनिकोड क्रमांक द्या, दोन्ही रूपांचे.