एक्सेल येत असताना डेटाबेस कशाला शिकायचा?

अ‍ॅक्सेस (मायक्रोसॉफ्टचे डेटाबेस सॉफ्टवेअर) किंवा एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती मागवण्याची भाषा) शिकवायला घेतले की सुरुवातीच्या तासांतच कोणीतरी मला विचारते, की यादी, बेरीज, फिल्टर हे सगळे एक्सेलमध्ये होत असेल, तर टेबल, प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखू येईल असा क्रमांक) आणि क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) हा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. सरावासाठी दिलेली माहिती बहुधा दहा विद्यार्थ्यांची नावे आणि गुण एवढीच असते, आणि तेवढ्यासाठी डेटाबेसची खरोखरच गरज नसते. पुढे परीक्षेत नॉर्मलायझेशनची, म्हणजे तीच माहिती पुन्हा पुन्हा लिहावी लागू नये म्हणून ती वेगवेगळ्या टेबलांत विभागण्याची, व्याख्या विचारली जाते आणि मुले ती पाठ करतात. ज्या अडचणीवर तो उपाय आहे, ती अडचण मात्र त्यांना कोणी दाखवलेलीच नसते. याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून मी गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचे उदाहरण घेतो. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद एकाच शीटमध्ये ठेवली, तर पुस्तक दिले की दर वेळी सभासदाचे नाव, पत्ता, फोन, पुस्तक आणि लेखक हे सारे नव्याने लिहावे लागते. सभासदाने घर बदलले आणि जुन्या ओळींपैकी एखादी दुरुस्त करायची राहिली, की एकाच माणसाचे दोन पत्ते होतात व त्यांतला खरा कोणता हे शीटवरून कळत नाही. कोणी ‘कुलकर्णी’ तर कोणी ‘कुळकर्णी’ लिहिले की संगणकाच्या लेखी ते दोन सभासद ठरतात आणि थकीत पुस्तकांची यादी चुकते. डेटाबेसमध्ये सभासद, पुस्तके आणि देवघेव अशी तीन टेबले होतात. देवघेवीच्या टेबलात फक्त सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि तारखा असतात, त्यामुळे पत्ता एकाच जागी बदलावा लागतो. शिवाय टेबलांमधील नाते नीट बांधलेले असेल, तर यादीत नसलेल्या सभासदाच्या नावे नोंद करू गेल्यास सॉफ्टवेअर ती स्वीकारतच नाही. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली माहितीची अशी मांडणी सुचवली, तेव्हा त्यांच्यासमोर अनेकांनी मिळून वापरायची मोठी माहिती होती.

अशा कामासाठी शीट वापरल्याने काय घडू शकते, हे इंग्लंडमध्ये २०२० साली दिसले. कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलींतून पुढे पाठवले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस मिळून सुमारे १६,००० रुग्णांच्या नोंदी गळाल्या. रुग्णांना स्वतःचे निकाल कळले होते, परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घ्यायला उशीर झाला.

घरखर्चाची किंवा लग्नाच्या निमंत्रितांची यादी तुम्ही एकटेच ठेवत असाल, तर एक्सेल पुरेसे आहे, असे मी स्पष्ट सांगतो. मात्र तीच माहिती दोघे-तिघे भरत असतील, किंवा तेच नाव तुम्हाला पुन्हा पुन्हा लिहावे लागत असेल, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर त्या माहितीची टेबले पाडून पाहा आणि ‘गेल्या तीन महिन्यांत एकही पुस्तक न नेलेले सभासद कोण?’ यासारखा तुम्हाला खरोखर पडणारा एक प्रश्न खाली लिहा. पहिली क्वेरी त्याच प्रश्नाची करावी. त्यासाठी लिबरऑफिस बेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते.