मोटरसायकल बदलत गेली, नवतपात तिचं काय बघायचं

१८८५ मध्ये जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात २६४ सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं. ताकद जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर. तिथून पुढे चालवणाऱ्याची कामं एकेक करून गाडीच करू लागली. सुरुवातीच्या गाड्यांना ऑइलसुद्धा हातपंपानं द्यावं लागे, आणि स्पार्क लवकर पाडायचा की उशिरा, हे हँडलवरच्या लिव्हरनं ठरवावं लागे.

आपल्याकडे १९५५ पासून मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली. तिच्यात जुनी रीत बराच काळ टिकली. पॉइंटवाल्या, म्हणजे ठिणगी पाडण्यासाठी उघडझाप करणारे संपर्क असलेल्या, बुलेटला अजूनही किक अशीच मारायची: चावी ऑन करून किक हळूहळू दाबत न्या. अँमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर आला की थांबा. डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर, ओढून किक जराशी पुढे सरकवा, डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण किक. काटा मध्यावर येतो तेव्हा पॉइंट उघडलेले असतात आणि पिस्टन वर पोहोचत आलेला असतो. तो टप्पा ओलांडायच्या आत किक मारली किंवा ठिणगीचं टायमिंग पुढे गेलेलं असलं, तर किक उलटी येऊन पाय दुखावतो.

राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालावं लागे. कमी पडलं की पिस्टन सिलिंडरमध्ये अडकायचा, जास्त झालं की प्लग काळा. यामाहा आरएक्स १०० मध्ये हे काम पंपाकडे गेलं. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आली, ९७.२ सीसीची फोर-स्ट्रोक, आणि ऑइल मिसळायची गरजच संपली. माझ्या मते आपल्या रस्त्यांवरचा सगळ्यात मोठा बदल तोच.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक मोटरसायकलींत पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. चोक गेला, रिझर्व्हचा नॉबही गेला. पण पेट्रोलचा पंप आता टाकीच्या आत असतो आणि त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच. काटा तळाला लागलेला असताना दिवसेंदिवस गाडी चालवली, तर पंप तापून लवकर जातो. नागपुरात नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा टाकी पाव तरी भरलेली ठेवा. काठोकाठ मात्र भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं.

एअर-कूल्ड इंजिन वाऱ्यावरच थंड होतं. व्हरायटी चौकात सिग्नल मोठा असेल तर इंजिन बंद करा. फिन्समध्ये (इंजिनवरच्या पातळ पात्यांमध्ये) चिखल साचलेला असेल तर उष्णता बाहेर पडत नाही, तो काढा. गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल घ्या, डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. कारचं ऑइल घातलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे ऑइलात बुडालेला क्लच घसरू शकतो: रेस वाढते, पण गाडी ओढत नाही.

ऑइलची पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी हवी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा, मग ऑइल मोजायची दांडी पुसून आत घाला. होंडा आणि हिरोच्या बऱ्याच गाड्यांत दांडी न पिळता नुसती टेकवून बघायची असते. पिळून बघितली तर ती खोल जाते, पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि कमी ऑइलवर इंजिन पळत राहतं.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असतानाच बघा. वर्धा रोडवरून दुपारी तापून आलेल्या टायरमध्ये प्रेशर वाढलेलं दिसतं. ते बघून हवा काढली, तर रात्री टायर थंड झाल्यावर ती कमी भरते.