गेरीच्या आदल्या रात्रीची तयारी

रंगपंचमीला, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला, इंदूरच्या राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, येते तेव्हा कॅमेऱ्याची बॅग उघडण्याची सोयच नसते. टँकरमधून रंगाचे पाणी कोसळत असते आणि यंत्रांतून उडवलेला गुलाल कित्येक मजले उंच जाऊन बराच वेळ हवेत तरंगत राहतो. एरवी जे निर्णय जागेवर घेता येतात ते सगळे या दिवसासाठी आदल्या रात्री घरीच घ्यावे लागतात, आणि म्हणून मी त्या रात्रीच्या तयारीला प्रत्यक्ष छायाचित्रणाइतकेच महत्त्व देते.

पहिला निर्णय लेन्सचा. गर्दीत लेन्स बदलणे शक्यच नाही, कारण ती काढली की गुलालाला थेट सेन्सरपर्यंत, म्हणजे चित्र टिपणाऱ्या आतल्या पट्टीपर्यंत, वाट मोकळी होते. मी ३५ मिलिमीटरची एकच प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स लावते. झूम करताना जिची नळी पुढेमागे सरकते, अशी लेन्स प्रत्येक वेळी हवा आणि हवेबरोबर धूळही आत ओढते. त्यामुळे ती कितीही सोयीची असली तरी त्या दिवशी घरीच राहते. ‘मावशी, मग अख्खा राजवाडा कसा येणार?’ असे माझ्या भाच्याने विचारले होते. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी अशी ही सात मजली वास्तू या लेन्समध्ये जवळून मावत नाही, हे खरेच आहे. परंतु गेरीचा खरा विषय तिच्यासमोर रंगात न्हालेली माणसे हा आहे आणि ती हाताच्या अंतरावर असतात.

त्यानंतर सेन्सर. लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र एफ/१६ वर नेऊन (एफपुढचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) आणि फोकस मुद्दाम धूसर ठेवून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे आणि ते मोठे करून कोपऱ्याकोपऱ्यातून पाहावे. एफ/२.८ वर जे कण दिसतही नाहीत ते येथे राखाडी ठिपके होऊन समोर येतात, कारण छिद्र लहान असले की कणाची सावली सेन्सरवर ठळक पडते. भर दुपारच्या उन्हात छिद्र लहानच ठेवावे लागत असल्याने हे ठिपके दुसऱ्या दिवशी प्रत्येक चित्रात उमटतील, हे लक्षात घ्यावे. ठिपका दिसल्यास कॅमेऱ्याचे तोंड खाली करून रबरी ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकर कदापि मारू नये, कारण तिच्याबरोबर थुंकीचे तुषार आत जातात.

सर्वाधिक वेळ जातो तो कॅमेरा झाकण्यात. समोरच्या काचेवर यूव्ही फिल्टर, म्हणजे संरक्षक काच, आणि त्यावर हूड, म्हणजे लेन्सपुढची कडी, बसवल्यावर मी जाड, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीला हूडपेक्षा किंचित लहान भोक पाडते, ते हूडवर ताणून बसवते आणि वरून रुंद रबर बँड चढवते. त्याआधी चार्जिंगच्या आणि माइकच्या खाचांवरची रबरी झाकणे एकेक करून नखाने दाबून पाहते, कारण ती वरवर बसलेली दिसली तरी एखादा कोपरा उचललेला असू शकतो. कॅमेरा पाण्यापासून सुरक्षित असल्याची जाहिरात असली तरी पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत सहसा धरला जात नाही. त्या भरवशावर पिशवी टाळणे मला मुळीच पटत नाही. पिशवी चढवल्यावर शटरचे बटण आणि तबकडी बोटांना नीट लागते की नाही, हेही त्याच वेळी तपासावे.

बॅटरी पूर्ण चार्ज केलेली आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेले असावे. चोवीस मेगापिक्सेलच्या सुमारे २००० रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइली ६४ जीबीच्या कार्डात मावतात, तेवढ्या पुरतात. बॅगेत झिप असलेल्या पिशवीत दोन कोरडे सुती पंचे ठेवते.

राहता राहिल्या सेटिंग्ज. पाण्याचे थेंब हवेत थांबलेले दिसावेत यासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवते. गुलालाचा ढग मध्ये आला की ऑटोफोकस त्यावरच अडखळतो, म्हणून फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाकडे देते, म्हणजे एकदा साधलेला फोकस प्रत्येक क्लिकला बदलत नाही. हे सारे कस्टम मोडमध्ये, म्हणजे तबकडीवरच्या स्वतःच्या सेटिंग्जसाठी राखलेल्या जागी, साठवून ठेवले की राजवाड्यासमोर पिशवीवरून तबकडी फिरवण्यापलीकडे काही करावे लागत नाही.