तुम्ही विचारलंत म्हणून: ‘इनड्वेलर’ म्हणजे कोण?

स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळच्या लीथला राहायला आल्यापासून मला जुने स्कॉट्स, म्हणजे इथल्या जुन्या बोलीतले, कागद वाचायचा नाद लागलाय. इथल्या ओळखीच्यांना ते कळलं की कोणीतरी आपल्या खापरपणजोबांच्या मृत्युपत्राचा फोटो पाठवतं आणि प्रश्न ठरलेला, नावापुढे ‘इनड्वेलर इन लीथ’ लिहिलंय, म्हणजे ते कुणाच्या घरी नोकर होते का?

नाही हो. इनड्वेलर म्हणजे रहिवासी, आपण कागदावर ‘रा. अमुक’ लिहितो ना तेच. पण हा शब्द वाचताना आजूबाजूचे शब्दही बघायला लागतात, कारण तिथे नावापुढचा एकेक शब्द माणसाची पत सांगायचा. गावाच्या नावाआधी ‘ऑफ’ असेल तर बहुतेक जमीनमालक, ‘इन’ असेल तर कसणारा कूळ. आपल्याकडच्या मिरासदार आणि उपरी या फरकाची आठवण येते, आणि १८१९ च्या पेशवाई मुलखावरच्या रिपोर्टात तो फरक नोंदवणारा एल्फिन्स्टनही स्कॉटच होता.

शहरात मोठा मान ‘बर्जेस’चा, म्हणजे शहराचा नागरी हक्क मिळालेल्या माणसाचा. शहरात व्यापार करायचा, कारागिरीचं दुकान टाकायचं तर तो हक्क लागायचा. हक्क नसलेला माणूस तिथेच जन्मून तिथेच मेला तरी कागदात नुसता इनड्वेलर. लीथचं दुखणं तर फार जुनं, बंदर इथे पण हुकूम एडिंबराचा, आणि १८३३ मध्ये लीथ स्वतंत्र बर्ग, म्हणजे आपला कारभार आपण बघणारं शहर, झालं तोवर हे शतकानुशतकं चाललं. म्हणून त्या काळच्या कागदात ‘इनड्वेलर इन लीथ’ दिसलं की मला ते नुसतं पत्ता म्हणून वाचताच येत नाही.

तरी लगेच गरीब ठरवू नका. ‘बर्जेस ऑफ एडिंबरा, इनड्वेलर इन लीथ’ असंही लिहायचे, म्हणजे हक्क तिकडचा आणि घर इकडे.

स्पेलिंगनेही लोक फसतात. डब्ल्यूच्या जागी सर्रास यू यायचा, त्यामुळे ‘ड्वेल’चं ‘ड्युएल’ दिसतं, आणि एका बाईंनी खरंच आपले पूर्वज द्वंद्व खेळायचे असं धरलं होतं. इंग्रजीत हा शब्द आता बहुतेक देव मनात वास करतो वगैरे धार्मिक बोलण्यात उरलाय. स्कॉट्समध्ये मात्र तो मृत्युपत्रात, कर्जाच्या कागदात रोजचा होता.

मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या बायकांच्या नोंदी. लग्नानंतरही कागदात त्यांचं माहेरचंच आडनाव, मग ‘रिलिक्ट’ म्हणजे विधवा, मग नवऱ्याच्या नावाआधी आपल्या ‘कै.’सारखा एक शब्द, आणि शेवटी इनड्वेलर. तो शब्द कधी त्याच्यासाठी असतो, कधी तिच्यासाठी, ते पुढची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून फोटो पाठवाल तर प्लीज पूर्ण पानाचा पाठवा.