आईचा बिनसाखरेचा चहा

मानेवरची गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरची निघाली आणि दुसऱ्याच दिवसापासून आईने चहातली साखर बंद केली. मग गूळ गेला, केळं गेलं, भातही गेला. भेटायला येणारा प्रत्येकजण सांगायचा, "कॅन्सर साखरेवरच पोसतो, तेवढी तोडा." तीन आठवड्यांत तिचं वजन चार किलो उतरलं. मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या.

मी इथे सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशी साखर कशी फोडते त्याच्या पायऱ्या फळ्यावर किती वेळा लिहिल्या असतील! पण त्या डोळ्यांना दिसल्या पेट स्कॅनच्या दिवशी, शरीरात साखर कुठे जाते ते दाखवणाऱ्या तपासणीत. सहा तास उपाशी, बोटाला टोचून रक्तातली साखर तपासलेली. मग किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देणार आणि तासभर स्वस्थ पडून राहायचं. चालायचं नाही, बोलायचंही नाही, कारण काम करणारे स्नायू ती साखर ओढून घेतात. एसीत आई कुडकुडत होती. घरून नेलेली चादर मी तिच्या पायांवर घातली आणि इंजेक्शनआधी मला बाहेर पाठवलं.

स्कॅनच्या चित्रात जिथे ही साखर साठते तिथे काळं दिसतं. मेंदू काळाकुट्ट होता. तो नेहमीच साखर खातो. मूत्राशयही काळं, कारण ही साखर लघवीवाटे बाहेर पडते. आणि मानेत, काखेत काळे ठिपके. ही साखर पेशीत शिरली की हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम तिला फॉस्फेट चिकटवतं, पण पुढची पायरी होत नाही. ती आतच अडकते, म्हणून दिसते.

जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्गने 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये पाहिलं, की गाठीच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज अर्धवटच फोडून त्याचं लॅक्टेट करत सुटतात. पूर्ण जाळलं तर एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची नाणी, मिळतात, या वाटेने दोनच. त्याला वाटलं, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, बिघडल्या असणार. पण बहुतेक गाठींत त्या चालू असतात, हे पुढे कळलं.

मग एवढी उधळपट्टी कशासाठी? आईने सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, बारा वर्षं सुताच्या कांड्या भरल्यात, म्हणून तिला तिच्याच भाषेत सांगितलं. "सूत जाळलं तर ऊब मिळेल, पण चादर विणायची तर सूत हातात शिल्लक पाहिजे ना?" एका पेशीच्या दोन व्हायच्या तर डीएनए, पडदे, प्रथिनं सगळं नव्याने विणावं लागतं, आणि त्याचं बरंचसं सूत ग्लुकोजच्या कार्बनमधून येतं. मिक (MYC) या पेशींची वाढ चालवणाऱ्या जनुकासारखी बेलगाम झालेली जनुकं साखर आत घेणारी दारं वाढवतात. बाहेर टाकलेल्या लॅक्टेटबरोबर भोवताल आंबट होतो आणि तिथे लढायला आलेल्या टी पेशी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी, ढेपाळतात.

"मग साखर बंद केली तेच बरं की," आई म्हणाली.

मी म्हटलं, इथेच तर सगळे चुकतात. तू जेवली नाहीस तरी तुझं यकृत रक्तात साखर सोडत राहतं, वेळ पडली तर स्नायूंच्या प्रथिनांतून घडवून. गाठीला तिचा वाटा मिळतोच. झिजतेस तू, आणि केमो सोसायला अंगात ताकद लागते. तिला मधुमेह असता तर पथ्य वेगळं असतं. तिला तो नाही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. काल मात्र अर्धी ज्वारीची भाकरी, दही आणि शेंगाचटणी खाल्ली, वर गुळाचा खडा मागून घेतला. सोमवारी तिसरं केमो आहे.