ज्येष्ठेखालचं बिऱ्हाड

वाळवंटात आकाशदर्शन असलं की दुर्बीण मांडण्याआधी मी जमीन बघतो. हातात अतिनील टॉर्च घ्यायचा आणि लोक बसणार त्या जागेवरून, दगडांच्या कडेकडेने, एक सावकाश चक्कर मारायची. विंचवाच्या कवचातली काही द्रव्यं अतिनील प्रकाश शोषून हिरवट-निळी चमकतात. साध्या उजेडात वाळूत मिसळून गेलेला विंचू त्यामुळे चार पावलांवरूनही लख्ख दिसतो.

जूनअखेरच्या त्या अमावास्येलाही चक्कर मारून झाली होती. जागा स्वच्छ. तीस-पस्तीस माणसं सतरंज्यांवर टेकली. पांढरा टॉर्च कुणीही लावायचा नाही, एवढा एकच नियम मी सांगितला. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत उजेडात ती सगळी वाया जातात.

दहाच्या सुमारास वृश्चिक दक्षिणेला चांगला वर आला. अनुराधा, ज्येष्ठा आणि खाली वळलेली मूळ नक्षत्राची नांगी. आकाशात चित्र शोधावं लागत नाही अशा थोड्या राशींपैकी ही एक. नांगीपासून धनु राशीकडे आकाशगंगा इतकी दाट होती की एका आजींनी विचारलं, "ढग आलेत का हो?" ते ढग नव्हेत, आपण आपल्याच दीर्घिकेच्या केंद्राच्या दिशेने बघतोय, तिथून प्रकाशाला यायला सुमारे २६ हजार वर्षं लागतात, हे सांगितल्यावर त्या कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. अशा शांततेसाठीच मी वर्षानुवर्षं ही जड दुर्बीण गाडीत चढवत आलोय.

मग मी शेणकिड्याची गोष्ट काढली. शेणाचा गोळा सरळ रेषेत ढकलत नेण्यासाठी हा किडा चंद्र नसताना आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतो. संशोधकांनी त्याला चक्क तारांगणात नेऊन हे तपासलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी भरून येतं.

तेवढ्यात टॉर्च सांभाळायला दिलेला मुलगा ओरडला, "सर, विंचू! पायाशीच!"

दुर्बिणीपासून दोन हातांवर. क्षणात पाच-सहा पांढरे टॉर्च पेटले, माणसं धडपडत उठली, एका काकांनी चप्पल उगारली. "थांबा काका, मारू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की ते जागीच थबकले. सगळ्यांना चार पावलं मागे घेतलं, उजेड बंद करायला लावले आणि अतिनील टॉर्च तिच्यावर धरला.

होय, तिच्यावर. मादी हिरवीगार चमकत होती, पण तिच्या पाठीवर काहीतरी फिकट, न चमकणारं, दाटीवाटीने बसलं होतं. पिल्लं! विंचू अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो. पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवरच राहतात आणि तोवर त्यांचं कवच आईसारखं चमकत नाही.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," मघाच्या आजी हळूच म्हणाल्या. जन्मभर ऐकलेली म्हण अशी समोर चालताना बघायला मिळेल असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. तो उजेड विंचवांना नकोसा असतो, म्हणून मी टॉर्च लगेच विझवला. तांबड्या दिव्याच्या मंद प्रकाशात ती एका सपाट दगडाखाली शिरताना दिसली.

डोळे पुन्हा अंधाराला सरावेपर्यंत आकाश थांबणारच होतं. पण त्या अर्ध्या तासात कुणी कंटाळलं नाही. सगळे दबक्या आवाजात बोलत होते. लांबवर एक खोकड आलं, आमच्याकडे टक लावून बघत उभं राहिलं आणि निघून गेलं.

मग दुर्बीण ज्येष्ठेवर लावली. आपल्या सूर्याच्या शेकडो पट व्यासाचा तो तांबडा तारा, आणि शेजारीच एम-४ हा गोलाकार तारकागुच्छ, सुमारे सहा हजार प्रकाशवर्षं दूर. रांग लागली. चप्पल उगारणारे काका मात्र रांगेत नव्हते. कुणाचा पाय पडू नये म्हणून ते त्या दगडापाशी तांबडा दिवा घेऊन उभे होते. शेवटी त्या मुलाला तिथे उभं करून मीच त्यांना दुर्बिणीपाशी आणलं.

त्यांनी ज्येष्ठा पाहिली, तारकागुच्छ पाहिला, बराच वेळ पाहिला. डोळा काढला आणि आधी दगडाकडे वळून त्या मुलाला विचारलं, "काय रे, बिऱ्हाड आहे ना जागेवर?"